दोन बेडकांचा एक कार्बुरेटर

मागेलांग गावच्या वार्सितोकडे एक बेडूक होता आणि त्याचा दोस्त केमिन याच्याकडे दुसरा. तिकडे बेडूक म्हणजे गोल पाठीची जुनी फोक्सवॅगन. दोघांचेही कार्बुरेटर एकाच वर्षी निकामी झाले, आणि जुन्या सामानाचे भाव असे चढलेले, की दुकानदार किंमत सांगण्याआधी गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायचा.

"एवढ्यात म्हैस येईल!" वार्सितो भडकला.

"म्हैस जुन्या गाड्यांच्या क्लबात नेता येत नाही," केमिन म्हणाला. "निम्मे निम्मे घालू."

तेव्हापासून दोघांत एकच कार्बुरेटर, आठवड्याआड पाळी. रविवारी चहा झाला की तो काढायचा, फडक्यात गुंडाळून दुसऱ्याकडे न्यायचा. पान्हे झिजलेले, नवे परवडत नव्हते, त्यामुळे बोटं सोलवटायची. "ही हौस नव्हे, हमाली आहे," वार्सितो दर वेळी करवादायचा.

केमिन वारला तेव्हा पाळी त्याची होती. मुलांनी गाडी विकायला काढली. मयताच्या घरी कार्बुरेटर कोणत्या तोंडाने मागायचा, म्हणून वार्सितो गप्प राहिला. शेवटी केमिनची बायको मार्नीच गाठोडं घेऊन आली.

"दवाखान्यात जाण्याआधी ह्यांनी काढून ठेवला होता, भाऊजी. म्हणाले, उशीर झाला तर तो शिव्या घालेल."

वार्सितोने तो बसवला. गाडी एका दमात सुरू झाली.

पुढच्या रविवारी चहा पिऊन त्याने सवयीने तो काढला, पुसला, फडक्यात गुंडाळला आणि फाटकापर्यंत गेला.

"कुठे निघालात?" बायकोने विचारलं.

"कुठेच नाही," तो म्हणाला, आणि परत येऊन पान्हे हुडकू लागला.