खालच्या घरचा मेहबूबमिया

नंदुरबारच्या स्टेशनामागे बारा घरांची एक गल्ली होती. रेल्वे आल्यापासून पोटासाठी शहर गाठणाऱ्याला तिथं हमखास जागा मिळे, कारण भाडं कमी आणि घरमालक जातपात न विचारणारा. नवापूरकडचा कोकणी आदिवासी हमाल, गुजराती तेली, सातपुड्यातला भिल्ल, असे सगळे भिंतीला भिंत लावून राहत. भांडतही भिंतीला भिंत लावूनच.

बारा घरांवर मातीचं एकच सलग धाबं, म्हणजे सपाट छप्पर, होतं आणि ते राखायचा मेहबूबमिया. दर वैशाखात तो पडीक रानातून पांढरी खारी माती आणवी, घरटी एक माणूस टोपली घेऊन रांगेत उभा करी आणि एका दिवसात बाराही घरं लिंपून काढी. या मातीत कुसळ उगवत नाही, पण पाण्याचा थेंबही खाली उतरत नाही. उतार पहिल्या घराकडून बाराव्याकडे. सगळ्या गल्लीचं पाणी बाराव्या घराच्या पन्हाळीतून बाहेर पडे, म्हणून ते घर कोणी घेत नसे. मेहबूबमियानं ते आपण होऊन घेतलं होतं. बायको शकीला त्यावरून रोज बोले, आणि रोज तिथंच चूल पेटवी. असला माणूस मिळाला हे गल्लीचं नशीब. गल्लीला त्याची किंमत नव्हती, हे नेहमीचंच.

सदतीस साली पाचव्या घरात रनाळ्याचा पितांबर पाटील राहायला आला. रेल्वेत नोकरी, गावी शेती, आणि बोलण्यात शेतीचाच तोरा. उन्हाळ्यात त्याच्या बायकोनं, प्रमिलाबाईनं, धाब्यावर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या-पापडांवरून शकीलाची कोंबडी चालून गेली. एवढंच निमित्त. "मन्हा धाबावर आते कोनी पाय ठेवाना नही," म्हणत पितांबरनं आपल्या धाब्याच्या खालच्या अंगाला हातभर उंच बांध घातला. कोंबडी त्यावरून उडून आली ती गोष्ट वेगळी. वर खारी माती नाकारून त्यानं रनाळ्याहून गाडीभर काळी माती आणली.

मेहबूबमिया समजावायला गेला. "भाऊ, पानीले वाट ठेव. आनि काळी माटी तडकस."

"हाई वावरनी माय शे, चाचा. तुम्हनी माटीमा कुसळबी उगत नही!"

"मंग धाबावर कपाशी पेरशी का?"

गल्लीतल्या बाया खदखदून हसल्या. पितांबर इरेला पेटला आणि बांध आणखी चोपून घट्ट केला.

श्रावणात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी पितांबर ड्युटीवर होता आणि घरात प्रमिलाबाई आठ दिवसांची बाळंतीण. मेहबूबमिया धाब्यावर चढून पाहतो तो पाच घरांचं पाणी बांधाला अडून तुंबलेलं. काळी माती भेगांतून ते पीत होती आणि खालची तुळई कण्हत होती. खाली उतरून बाळंतिणीला उठवायला वेळ नव्हता. बांध फोडला तर एवढं पाणी एकदम बाराव्या घरावर जाणार, आणि पन्हाळीला ते झेपणार नाही, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? उतार त्यानंच हातानं काढला होता.

"शकीला, बाहर निकल!" तो ओरडला आणि त्यानं बांधावर कुदळ घातली.

प्रमिलाबाईच्या पांघरुणावर मूठभर चिखल पडला, तेवढंच. बाराव्या घराची मधली तुळई मात्र मोडली आणि धाबं आत बसलं. शकीला कोंबडी काखेत धरून गल्लीत भिजत उभी राहिली. संध्याकाळी पितांबर आला, सगळं ऐकलं आणि ओट्यावर डोकं धरून बसला. मेहबूबमियानं त्याला एका शब्दानंही डिवचलं नाही. फक्त विचारलं, "पोर कसं शे?"

पाऊस उघडल्यावर गल्लीनं ते घर पुन्हा उभं केलं. सगळ्यात जास्त टोपल्या पितांबरनं वाहिल्या, त्याही पांढऱ्या मातीच्या. पहिलं घर तेव्हा रिकामं झालं होतं. गल्लीतली माणसं मेहबूबमियाला म्हणाली, आता तुम्ही वर राहा, कोरड्यात. शकीलाचा चेहरा फुलला.

"मंग खालनं घर कोनले देशात?" मेहबूबमियानं विचारलं.

तेली आभाळाकडे पाहू लागला.

"मी ऱ्हासू," पितांबर म्हणाला. मग घाबरत बायकोकडे वळला, तर प्रमिलाबाई लेकरू छातीशी धरून बाराव्या घराकडे निघालीसुद्धा होती.