डिझेलच्या टाकीतली झडप

रॉबर्ट गेल्यावर मच्छीमार सोसायटीने त्याची नोकरी त्याच्या बायकोला, सेलीनला दिली. उत्तनच्या बोटींना डिझेल देणारा तो पंप म्हणजे पत्र्याची एक केबिन, एक पंखा आणि समोर जमिनीत पुरलेली टाकी. टाकीचं फक्त तोंड वर दिसायचं. त्याच्या शेजारच्या सिमेंटच्या कठड्यावर डोकं आपटून रॉबर्ट गेला होता, आणि केबिनच्या खिडकीतून तो कठडा सरळ समोर यायचा. गावातल्या बायका विचारायच्या, कशी बसतंस गो तिथं? सेलीन म्हणायची, "बसतंय." खोटं नव्हतं. कठडा तिला नुसता कठडाच दिसायचा.

ती मूळची शेजारच्याच डोंगरी गावची. लग्नाआधी आईबरोबर आणि लग्नानंतर सासूबरोबर तिने बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकवले होते, टोपली घेऊन बेव्हर्ली पार्कच्या बिल्डिंगी पालथ्या घातल्या होत्या, हिंदीत भाव केले होते. लिफ्टमध्ये नाकाला रुमाल लावणाऱ्यांना ती तोंडावर सुनावायची. रॉबर्ट अगदी उलट, अबोल. वडलांची बोट विकल्यावर तो पंपावर लागला. घरातलं भांडण सेलीनच काढायची आणि मिटवायचीही तीच. तो शेवटी म्हणायचा, "झाला तुझा? आता जेवू?"

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपून बोटी पुन्हा निघायच्या होत्या, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. टाकीत आधीचं डिझेल बरंच शिल्लक होतं आणि टँकर आला तो भरगच्च. सेलीन डबा घेऊन आली होती, म्हणून सगळं तिच्यासमोर घडलं. रॉबर्टने सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन लावला. सेक्रेटरी म्हणजे त्याचाच चुलतभाऊ, शेन.

"अरे, सगळा मावायचा न्हाय," रॉबर्ट म्हणाला.

शेनचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "घे रे, मावतंय! उद्या डिझेल संपला तर लोक मना खातील."

रॉबर्टने फोन खिशात टाकला आणि ड्रायव्हरला खूण केली. पाइप टाकीच्या तोंडात नुसता सोडलेला होता. ड्रायव्हर चहाला गेला. थोड्या वेळाने टाकीच्या तोंडातून डिझेल उसळून वर आलं. टँकरचा कॉक बंद करायला रॉबर्ट धावला आणि त्या सांडलेल्या डिझेलवरच त्याचा पाय सटकला. सेलीनच्या हातात डबा तसाच होता. हॉस्पिटलात तो डोळे न उघडताच गेला.

मयताला गाव रडलं, सेलीनला रडू आलं नाही. लोकांना वाटलं, धक्का बसलाय, येईल नंतर. नंतरही आलं नाही. त्यांची मुलगी स्टेफनी कुशीत शिरून हुंदके द्यायची, तेव्हा सेलीन तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि मनात म्हणायची, गॅस बंद केला का आपण? शेन दर रविवारी चर्चनंतर घरी यायचा. खुर्चीत बसून फरशीकडे बघत राहायचा आणि चहा न संपवताच उठायचा. फोनवर तो काय बोलला हे सेलीनने ऐकलंय, हे त्याला माहीत होतं. त्याबद्दल दोघंही कधी बोलली नाहीत.

नाताळाच्या थोडं आधी टाकीत झडप बसवायला फिटर आला. पंढरीनाथ त्याचं नाव, रत्नागिरीकडचा, राहायला जवळच्याच खारी गावात. त्याने पंप बंद करायला लावला, भोवती दोरी बांधली, सगळ्यांना मोबाइल लांब ठेवायला सांगितलं. टाकीच्या तोंडातली जुनी नळी ओढून वर काढली आणि तिच्या जागी सोडायची नवी नळी जमिनीवर आडवी ठेवली.

"ताई, हे टोक जरा धरता? माझा जोडीदार आज आलेला नाही."

सेलीनने धरलं. नळीच्या कडेला एक काळा फ्लोट होता. पंढरीनाथने तो बोटाने उचलला, तशी आत खट् करून झडप मिटली.

"टाकी भरत आली की डिझेलच याला उचलतं. मग वरून कितीही सोडा, आत जात नाही. संडासाच्या फ्लशला बॉल असतो ना, तसं समजा. आणि टँकरचा पाइप आता नुसता सोडायचा नाही, हा वरचा कपलर लावून टाकीला घट्ट जोडायचा." नळी खाली सोडता सोडता त्याने सहज विचारलं, "इथे काय झालं होतं का? नाही, कोण आपणहून लावत नाही हे."

शेन तेवढ्यात येऊन दोरीपाशी उभा राहिला होता.

"माझा नवरा गेला इथं," सेलीन म्हणाली. पंप किती वाजता उघडतो हे सांगावं, तसं.

पंढरीनाथचा हात नळीवरच थांबला. सेलीननेच विचारलं, "हे आधी मिळत होता?"

"मिळत होतं," तो हळूच म्हणाला. "बरीच वर्षं मिळतंय, ताई."

शेन वळला आणि केबिनच्या मागे गेला. तो रडतोय हे सेलीनला ऐकू आलं. जावं का, असा तिने विचार केला. मग पाण्याची बाटली घेऊन गेली.

"सेलीन, मना शिव्या तरी दे," शेन म्हणाला. "तुझ्या तोंडाला सगला गाव भितो. माझ्यावरच कशी गप्प?"

"राग येत न्हाय रे," ती म्हणाली. "मी शोधला. न्हाय सापडत. पाणी पी."

तो पाणी प्यायला. तीही जरा वेळ तिथेच उभी राहिली, मग पंढरीनाथने हाक मारली म्हणून गेली.

दुपारी टँकर आला. पंढरीनाथ घरी न जाता बघायला थांबला. कपलर लावला, कॉक उघडला, डिझेल पाइपातून धडधडत जाऊ लागलं. सेलीन टाकीच्या तोंडाशी उभी होती. आपल्याला आता भीती वाटेल, असं तिला वाटलं होतं. ती वाट बघत राहिली. अचानक पाइपाला हिसका बसला, धडधड थांबली.

ड्रायव्हर ओरडला, "मॅडम, अटक गया क्या?"

"नहीं, भर गया. कॉक बंद करो."

खाली थेंबही सांडला नव्हता. पंढरीनाथ हसला, मग एकदम ओशाळला आणि हत्यारं आवरायला लागला. सेलीनने दोरी सोडली. कॅन घेऊन खलाशी केव्हाचे ताटकळले होते, तिने पंप चालू केला.

त्या वर्षाअखेरीस शेनने सेक्रेटरीपद सोडलं. का, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. नाताळाला त्याच्या बायकोने जेवायला बोलावलं. आईला कसं वाटेल म्हणून स्टेफनी नको म्हणत होती, पण सेलीन नवी साडी नेसून गेली. शेनच्या बायकोने आग्रह केला तेव्हा तिने वडे मागून घेतले, तिच्या मुलांच्या शाळेची चौकशी केली, निघताना शेनला "येते" म्हणाली. काय खाल्लं ते घरी आल्यावर स्टेफनीने विचारलं असतं, तर मात्र तिला आठवून सांगावं लागलं असतं; चव तिला कशाचीच लागली नव्हती.