कुंदाच्या अकरा ओळी

कुंदाबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. कॉलेजच्या स्मरणिकेसाठी दोनदा विचारणा झाली. दोन्ही वेळा डोळ्यांचं निमित्त सांगितलं. आता कुंदा नाही, आणि माझी निमित्तंही संपली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पालघरच्या एका कॉलेजात मी संगणक प्रयोगशाळा सांभाळत होतो. कुंदा किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून यायची. वडील होडीवर, आई सुके बोंबील विकणारी. एकदा पाहतो तर ही फरशीवर बसलेली. प्रिंटरच्या सलग कागदाची पट्टी दारापर्यंत पसरलेली, आणि ही एकेक घडी मांडीवरून पुढे सरकवत वाचतेय.

"अगं, चूक असेल तेवढंच पान काढ ना!"

"सर, जाळं आमी असंच बघतो. आदी सगळं हातातून जाऊ दे, मग भोक कुठं हाय ते कळतं."

ती वाचत होती तो एका मोफत नेटवर्क प्रोग्रामचा कोड. तो सर्वांना खुला होता. जगभरचे लोक त्यात दुरुस्त्या करून ई-मेलने पाठवत. कुंदाने चार महिने नुसती त्या लोकांची पत्रं वाचली. मग तिला एक दोष सापडला. फोनची लाइन मध्येच तुटली, की अर्धी आलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून आणावी लागे. तिकडच्या लोकांना तो दिसला नव्हता, कारण त्यांच्या लाइनी तुटत नव्हत्या. आमच्या रोज तुटत.

तिची दुरुस्ती दोनदा परत आली. 'एका वेळी एकच बदल पाठवा,' असं उत्तर. मलाच राग आला. ती हसली. "सर, वास घेतल्याबिगर गिऱ्हाईक बोंबील नेतं का?"

तिसऱ्यांदा अकराच ओळी उरल्या. एसटी चुकेल म्हणून फ्लॉपी माझ्या हातात देऊन ती निघाली. "खाली माझं नाव टाका हां, सर."

ई-मेलचं खातं माझं होतं. पुढच्या महिन्यात मला नोकरीत कायम करण्यासाठी मुलाखत होती. मी खाली माझं नाव टाकलं.

दुरुस्ती स्वीकारली गेली. कुंदाने पडद्यावर माझं नाव वाचलं. "खातं माझं ना, म्हणून तसं झालं," मी म्हणालो.

"आमच्याकडं वाहून आलेलं जाळं गावलं, तर त्याच्या तरंगत्या बोयावरची खूण बघतात, सर. ज्याची खूण, त्याच्या दारात नेऊन टाकतात. तुमी लिहा त्यांना. बदलतील नाव."

"लिहितो," म्हणालो. लिहिलं नाही.

वर्षभराने तिने मुंबईच्या एका संस्थेत अर्ज केला. त्यात या अकरा ओळींचा उल्लेख होता. संस्थेने मला पत्राने विचारलं, हे काम नक्की कोणाचं? तोवर मी कायम झालो होतो. खरं सांगायला काही अडचण नव्हती. मी उत्तर दिलं, 'तिने मला मदत केली होती.' तिचा दावा खोटा ठरला. जागा गेली.

कुंदा भांडायला आली नाही. बोईसरला इंटरनेटचं दुकान निघालं, तेव्हा तिथे बसून तिने पुढच्या दुरुस्त्या पाठवल्या, स्वतःच्या नावाने. पुढे तारापूरच्या एका कारखान्यात संगणकावर लागली आणि रविवारी सालवडच्या कामगारांच्या मुलींना शिकवू लागली. त्यांतली एक मला नंतर भेटली. म्हणाली, "बाईंचं पयलं सांगणं एकच. पत्र परत आलं तर रडायचं नाय, आणि नाव आपल्या हातानं टाकायचं."

मुलींना तिने माझी गोष्ट कधी सांगितली नव्हती.

शेवटची भेट पालघर स्टेशनच्या बाकावर झाली. सोबत तिची लेक. मला पाहताच कुंदा उठली, वाकून नमस्कार केला आणि लेकीला म्हणाली, "पाया पड. हे माझे सर. माझं पयलं काम यांनीच पाठवलं."

तिच्या आवाजात मी टोमणा शोधला. नव्हता. असता तर बोलणं सोपं गेलं असतं. एक वाक्य मला वर्षानुवर्षं पाठ होतं: कुंदा, ते काम मी पाठवलं नाही, चोरलं. मला माफ कर.

"आई बरी आहे ना?" मी कुंदाला विचारलं.