चाळीस पावलांची बिडी

अकोल्याच्या जुन्या शहरात अब्दुल रहीमचं गाद्या पिंजायचं दुकान होतं, आणि त्या दुकानात विस्तव आणायला सक्त बंदी होती. आजोबांच्या काळात एका ठिणगीपायी अख्खं दुकान गेलं होतं. त्यामुळे बिडीची तलफ आली की रहीम चाळीस पावलं चालून सूर्यभान इस्त्रीवाल्याच्या ओट्यावर जायचा. सूर्यभान इस्त्रीतला निखारा चिमट्यानं पुढं करायचा, दोघं आपापली बिडी पेटवायचे आणि फारसं न बोलता ओढायचे. असं सव्वीस वर्षं चाललं.

दोन हजार सहा साल होतं. कापसाला भाव नव्हता, म्हणून लग्नात नव्या गाद्या नव्हत्या. पातूरकडची माणसं जुनीच गादी डोक्यावर आणायची आणि "हेच फुगवून दे बाप्पा" म्हणायची. जुन्या कापसाची धूळ फार वाईट. उन्हाळा सरता सरता रहीमला चार पायऱ्या चढून धाप लागायला लागली. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "कापूस सोडा, नाहीतर बिडी. दोन्ही चालू राहिलं तर दिवाळीनंतर पिंजायच्या मशीनपुढे उभं राहवणार नाही." कापूस सोडला तर चूल बंद. तेव्हा बिडी सोडायचं ठरलं. ठरवायला काय जातं?

मग गल्लीनं त्याला धीर द्यायला घेतला, आणि आमच्याकडे लोक एकदा धीर द्यायला लागले की माणसाची धडगत नसते. बायकोनं, खुर्शीदबीनं, प्रत्येक सदऱ्याच्या खिशात बडीशेप भरली. समोरच्या शाळामास्तरीण बेबीताई रोज सकाळी खिडकीतून "मनाचा निश्चय हवा, रहीमभाई" असं बजावायच्या. खुशालराव वकील तोंडात तंबाखूचा बार धरून व्यसनाचे तोटे समजावायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान. रहीम सगळ्यांपुढे मान डोलवायचा आणि त्याला बिडी जास्तच आठवायची.

पाचव्या दिवशी तो ओट्यावर गेला.

"एक दे," तो म्हणाला. "अर्धीच."

सूर्यभाननं चिमटा खाली ठेवला. "नाई देत."

"काहून?"

"तू मेला तं मी कोनासंग पेऊ? जाय. आता इकडे येत नको जाऊ."

रहीमला संताप आला. सव्वीस वर्षांत त्याला त्या ओट्यावरून कोणी उठवलं नव्हतं. दुकानात येऊन त्यानं घरची धडधाकट गादी उसवली आणि रागारागानं पुन्हा पिंजून काढली. खरं म्हणजे त्याला बिडीपेक्षा ओटाच जास्त आठवत होता, पण हे सांगणार कोणाला? खुर्शीदबीनं आणखी बडीशेप दिली असती.

दोन दिवसांनी भर दुपारी सूर्यभान दुकानाच्या दारात उभा राहिला. हात धुतलेले होते. खिशातलं बिडीचं बंडल त्यानं बाहेरच्या कोनाड्यात ठेवलं आणि आत येऊन कापसाच्या गाठोड्यावर बसला.

"इस्त्री?" रहीमनं विचारलं.

"इझवली."

"अन् लोकायचे कपडे?"

"चुरगळलेले घालतीन."

तेव्हापासून तो रोज यायचा. तासभर बसायचा, शिंकायचा, भुवयांवर कापूस घेऊन उठायचा. जाताना बंडल उचलून खिशात टाकायचा. आता हा ओट्यावर जाऊन निवांत ओढणार, असं वाटून रहीमला हेवा वाटायचा. पण हा आपल्यापायी तासभर कळ काढतो, तर आपणही काढू, असं म्हणत म्हणत पोळा गेला, गणपती गेले. त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली, आणि रहीम मशीनपुढे उभा होता.

ईदनंतर एका दुपारी सूर्यभान आत बसलेला असताना अवकाळी सर आली. कोनाड्यात पाणी शिरायला लागलं म्हणून रहीम बंडल आणायला बाहेर गेला. हातात घेतलं तर वरच्या कागदाचा रंग पार उडालेला, कडा झिजलेल्या. दोरा मात्र सुटलेला नव्हता. एकही बिडी कमी नव्हती.

तो आत आला. "कधीपासून?"

"तुले हाकललं ना, तवापासून," सूर्यभान म्हणाला. "एकट्याले गोड लागत नाई."

रहीम शेजारच्या गाठोड्यावर टेकला. त्याला फार बरं वाटलं होतं. तो म्हणाला, "मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं बेबीताई माह्याई मांगं लागली असती, निश्चय हवा म्हनून."

रहीमनं बंडल सदऱ्याला पुसलं आणि सर ओसरल्यावर पुन्हा कोनाड्यात नेऊन ठेवलं, बेबीताईंच्या खिडकीतून नीट दिसेल असं.