पकडीचा आणखी एक पीळ

इंग्लंडमधल्या ओंगार गावातल्या घरात मी बिअरचा केग, म्हणजे तोटीचं पिंप, बसवला, तेव्हा बाबा पुण्याहून राहायला आले होते. बिअरला दाब देणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरच्या नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे यायचे, म्हणजे गळती होतीच. मी नवा वॉशर घातला, नट हातानेच आवळला आणि बजावलं, "बाबा, पकड लावू नका, वॉशर चिरडेल."

संध्याकाळी ड्युटीवरून आलो तर हे पकड घेऊन उभे! पुण्यातले गळके नळ जन्मभर असेच पिळून पिळून बाद केले यांनी. माझं डोकंच फिरलं.

"ओरडू नकोस," बाबा म्हणाले. "साबण लावून बघ. एक बुडबुडा नाही."

खरंच नव्हता. येणार कुठून? अख्खा सिलिंडर रिकामा झाला होता.