नवलभाऊंचा फिल्टर आणि तानुबाईचं पाणी

नवलभाऊंनी जळगावच्या पाइप कारखान्यात एकतीस वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर अमळनेरजवळच्या आपल्या गावी ठिबक दुरुस्तीचं काम धरलं. त्यांनी बसवलेला जोड गळला, असं सांगणारा माणूस पंचक्रोशीत नाही. नळी कापली की तिची कड घासून गुळगुळीत होईपर्यंत ते चिकटवायच्या सोल्युशनच्या डब्याला हात लावत नसत. कुणी घाई केली तर म्हणत, "घाईचा जोड पाहुण्यांसमोरच सुटतो."

अशा माणसाच्या घरातच फिल्टर बिघडला. बायकोची, तानुबाईची, किडनी. पाय सुजले म्हणून तिला जळगावला नेलं, रक्त तपासलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं आणि बजावलं, "दिवसाला पाणी एक लिटर. त्यापेक्षा जास्त नाही."

गोळ्या पटल्या, मीठ पटलं. पाण्याचं काही पटेना. ठिबकच्या फिल्टरची जाळी चोक झाली तर शेतकरी काय करतो? पाण्याचा जोर लावतो, उलटं पाणी मारतो, घाण बाहेर काढतो. पाणी तोडलं तर जाळी आणखी जाम होणार. डॉक्टर शिकलेले खरे, पण फिल्टर उघडून त्यांनी कधी धुतला होता?

दुसऱ्या दिवसापासून नवलभाऊ तासा-दोन तासाला तांब्या भरून तानुबाईसमोर धरू लागले. ती कुरकुरायची, मग तांब्या घेऊन मागच्या दारी जायची. "मी मांगे बसीसन पेस," म्हणायची. रिकामा तांब्या परत यायचा. पंधरा दिवसांत पायांची सूज उतरली. नवलभाऊंनी चहाच्या टपरीवर जाहीर केलं, "डॉक्टरपेक्षा फिटर बरा."

त्याच सुमारास गावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या कामिनी मॅडम घरी आल्या. नववीला उत्सर्जन संस्था शिकवायची होती. "भाऊ, पुस्तकातलं चित्र पोरं पाठ करतात आणि विसरतात. पाणी वाहताना दिसलं पाहिजे. तुम्ही बनवून द्याल?"

नवलभाऊंनी दोन दिवस घेतले. वर पारदर्शक प्लास्टिकचा डबा, म्हणजे रक्त. त्याखाली फिल्टरची जाळी, म्हणजे किडनी. जाळीखालून ठिबकची बारीक नळी, म्हणजे मूत्रवाहिनी. खाली पाच लिटरचा कॅन, म्हणजे मूत्राशय, आणि त्याला पितळी कॉक. रात्रभर पाणी भरून ठेवलं. सकाळी टेबल कोरडं होतं. तेव्हाच मॉडेल शाळेत नेलं.

मॅडमनी डब्यात लाल पाणी ओतलं आणि मूठभर ज्वारी टाकली. पाणी जाळीतून खाली उतरलं, दाणे वर राहिले.

"वर राहिलं ते काय?"

"कचरा!" अख्खा वर्ग ओरडला. सगळी ठिबकवाल्यांची पोरं. शेवटच्या बाकावर बसलेल्या नवलभाऊंनीही मान डोलावली.

"नाही. वर राहिलं ते रक्त. त्यातल्या पेशी, प्रथिनं, मोठा माल. ठिबकचा फिल्टर कचरा धरतो आणि पाणी सोडतो. किडनी उलट करते. चांगलं धरते, आणि पाणी, साखर, क्षार, घाण असं सगळं बारीक खाली सोडते. मग पुढच्या नळ्या त्यातलं कामाचं परत ओढून घेतात. दिवसाला एकशेऐंशी लिटर गाळलं जातं आणि बाहेर पडतं जेमतेम दीड."

"बाकीचं परत?" नवलभाऊंच्या तोंडून निघालं. "मोटर कुठली हो मॅडम?"

"हृदय, भाऊ."

पोरं हसली. नवलभाऊ हसले नाहीत. एवढं काम आणि मोटर मुठीएवढी!

पहिल्या बाकावरची सारिका उठली. "मॅडम, किडनी चोक झाली तर?"

"उलटं पाणी मारायचं!" मागून दोघं-तिघं बोलले. एकाने वर पुस्ती जोडली, "नाहीतर ॲसिड सोडायचं."

"तुझ्यातच सोडून बघू का आधी?" मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी ओल्या फडक्याची चौपदरी घडी करून जाळीवर दाबून बसवली. "ही बिघडलेली किडनी. सारिका, ओत पाणी."

खाली थेंब थेंब पडू लागलं. सारिकाने एक जग ओतला, मग दुसरा. तिसऱ्याला डबा काठोकाठ भरला आणि पाणी टेबलावर सांडलं. जोड एकही गळला नाही. पाणी वरूनच आलं, फरशीवरून शेवटच्या बाकापर्यंत.

"इथे सांडायला टेबल आहे," मॅडम म्हणाल्या. "शरीरात हे पाणी जातं कुठे? आधी पायांत. मग छातीत, आणि माणसाला श्वास पुरत नाही. तुमच्या किडन्या धडधाकट आहेत, तुम्ही भरपूर प्या. पण ज्याला किडनी बिघडून सूज आली असेल, त्याला डॉक्टर मोजून पाणी देतात. तिथे उलटं पाणी मारायची सोय नाही."

नवलभाऊंनी पाय वर घेतले नाहीत. चपला भिजल्या. दिवसाला आठ तांबे, पंधरा दिवस. हिशोब नको होता, पण तो डोक्यात झालाच. मॅडम आभार मानत होत्या तेव्हा ते शाळेच्या फाटकाबाहेर पोचले होते.

तानुबाई मागच्या दारी शेंगा फोडत बसली होती. नवलभाऊ धापा टाकत समोर बसले आणि त्यांनी तिचे दोन्ही घोटे अंगठ्याने दाबून पाहिले. खळगा पडला नाही.

"काय व्हयनं?"

"तुला श्वास लागतो का? छाती भरून येते?"

"मले नई. तुम्हलेच लागेल दिसस."

त्यांनी सगळं सांगितलं. जाळी, फडकं, सांडलेलं पाणी. "तुला मीच बुडवत होतो गं."

तानुबाईने शेंगेचं टरफल टाकलं आणि मोरीजवळच्या गोडनिंबाकडे बोट केलं. झाड पंधरा दिवसांत हातभर वाढलं होतं. "बठ्ठं पानी त्याले टाकी दिनं. डाक्टरनी एक लिटर सांगेल शे. मी बाटली भरी ठेवस, तितलंच पेस."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्हले सांगती तं तुम्ही मना तोंडमा नळी बसाडी देतात. आनि ती गळती बी नई!"

नवलभाऊंनी एकदा गोडनिंबाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग ते हसू लागले, डोळे पुसत हसत राहिले. तानुबाईने चार शेंगा त्यांच्या हातात दिल्या. "फोडा. रिकामं नका बठू."

शनिवारी दोघं जळगावला गेली. वजन उतरलं होतं, रक्ततपासणीतला किडनीचा आकडाही खाली आला होता. गोळ्या चालू ठेवायच्या होत्या, पण डॉक्टर खूश होते.

"इतकं काटेकोर पाणी कुणी सांभाळत नाही," ते म्हणाले. "माप कोण ठेवायचं, भाऊ, तुम्ही?"

"हिनेच ठेवलं," नवलभाऊ म्हणाले. "माझ्यापासून लपवून."