खुशालरावांची न झालेली लढत

खुशालराव उजव्या बाजूने घास चावत नसत. तिकडच्या दाढा कुठल्याशा सामन्यात गेल्या होत्या. बोलताना हनुवटी खाली, डोळे वर. दारातून आत येताना डावा पाय आधी. मागून कोणी पाठीवर थाप मारली की खांदा आपोआप वळायचा आणि थाप मारणाराच घाबरायचा. संत्री घेताना विचारायचे, "कुठची?" विकणारा शेंदूरजनाघाट म्हणाला की हातातलं संत्रं परत ढिगावर. शेंदूरजनाघाट अमरावती जिल्ह्यात, आणि अमरावती जिल्ह्यात वामनराव राहत होते. त्या संत्र्याचं पाप एवढंच.

माणिकबाईंनी हे संसारभर पाहिलं. सवत परवडली असती, असं त्या म्हणत. निदान तिच्याशी समोरासमोर भांडता आलं असतं.

खुशालराव तेल्हाऱ्याचे, वामनराव तिवशाचे. दोघांच्याही घरी काळं वावर आणि कापूस. शहाऐंशीच्या सुमारास वऱ्हाडातल्या बॉक्सिंगमध्ये भारी माणसं ही दोनच. खुशालराव सुपर हेवी गटात, वामनराव त्याखालच्या हेवी गटात. मध्ये एक्याण्णव किलोची रेघ. त्यामुळे रिंगणात गाठ कधी पडली नाही. अकोल्याच्या आणि अमरावतीच्या चहाटपऱ्यांवर मात्र ती रोज पडायची. खुशालरावांचा उजवा हात की वामनरावांचे चपळ पाय? यावरून कॉलरी धरल्या जायच्या.

शेवटी खुशालरावांनी ठरवलं, आपणच खाली उतरायचं. कोणाला सांगितलं नाही. वामनला सुगावा लागला तर तो सावध होईल. त्यांचं लग्न नुकतंच झालेलं. माणिकबाई भाकरी वाढायच्या, हे ताट सरकवायचे. अंगाभोवती घोंगडी गुंडाळून उन्हात पळायचे. माणिकबाईंना वाटलं, आपल्या हाताला चव नाही. त्या चुलीपुढे रडायच्या.

नागपूरच्या स्पर्धेत ते काट्यावर चढले आणि हेवी गटात बसले. मग नावं पुकारली गेली. हेवीत वामनराव नव्हते. ते वर गेले होते, सुपर हेवीत.

पळाला. खुशालरावांना दुसरा शब्द सुचला नाही. दोघंही आपापल्या गटात पहिले आले. खुशालरावांनी ते पदक कधी भिंतीवर लावलं नाही.

यंदा फेब्रुवारीत अकोल्यातल्या एका क्लबाने जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवला. दोघं एकाच व्यासपीठावर आले, मध्ये तीन खुर्च्या सोडून बसले. सूत्रसंचालन करणारा अश्विन उत्साही पोरगा. त्याने माइकवर विचारलं, "मंडळी, हे दोन पहाड भिडले असते, तर कोण जिंकलं असतं?"

खुशालराव उठले. "भिडले असते म्हंजे? मी भिडाले आलतो. हा पळाला."

"कोन पळाला?" वामनरावही उठले. "अबे, तू पळाला! वजन उतरवून खालच्या गटात लपला."

"लपलो? महिनाभर उपाशी होतो मी. तुयासाठी!"

"माह्यासाठी? आन मी पोट फुटेस्तोवर केळं खाल्ले, थे कोनासाठी? तुयासाठीच ना बे!"

सभागृह हसलं. पाठच्या रांगेतून पुढच्या रांगेत हसू आलं. अध्यक्षही हसले. अश्विन म्हणाला, "आता गळाभेट होऊन जाऊ द्या." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांचं वैर लोकांनी चुटकीसरशी उडवून लावलं होतं. कोणीच पुढे सरकलं नाही.

व्हिडिओ घरोघरी गेला. शेजारचा प्रीतम फाटकातून ओरडायचा, "काका, डझनभर केळं आनू काय?" खुशालरावांनी एकदा चप्पल फेकली. ती नेमकी लागली.

माणिकबाईंना त्या न खाल्लेल्या भाकरीचं कारण आता कळलं. "मले तवा सांगता आलं नाई?"

"तुह्यं माहेर अमरावतीपाशी, बडनेऱ्याचं. सांगितलं असतं त तिवशापरेंत गेलं असतं."

"बरं. पन कोनीच पळालं नाई ना? मिटलं मंग."

"काहून मिटलं? कोनी पळालं नाई म्हंजे कोन जिंकलं असतं, थेही ठरलं नाई. आता त लढाच लागते."

त्यांनी वामनरावांना फोन लावला. माणिकबाई समोर बसून ऐकत होत्या.

"तीन राउंड. वजनकाटा नाई."

"कुठी?"

"माह्या वावरात."

"तुह्या वावरात काहून? तिवशाले ये."

"भेतं काय तेल्हाऱ्याले?"

वामनराव म्हणाले, "अक्षय तृतीयेले येतो. दात घरीच ठेवून ये."

कापसाची पऱ्हाटी उपटून झाली होती. मोकळ्या वावरात खुशालरावांनी रिंगणासाठी बाभळीचे चार खांब आणून टाकले. खड्डे खणायला गडी लावू दिला नाही. काळी माती उन्हाने दगड झालेली. ते लोखंडी सब्बल मारायचे, थांबायचे, हवेत दोन ठोसे मारायचे, पुन्हा सब्बल घ्यायचे. माणिकबाई म्हणाल्या, "डॉक्टरनं काय सांगितलं होतं?" ते म्हणाले, "डॉक्टर अमरावतीचा हाये."

चौथा खड्डा सुरू झाला त्या सकाळी माणिकबाई पाणी घेऊन गेल्या, तेव्हा ते खाली बसले होते. मग आडवे झाले. तांब्या त्यांच्या हातात गेलाच नाही.

तिवशाला फोन माणिकबाईंनीच केला. या माणसाशी त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

"ते गेले."

"कुठी गेला? पुन्हा पळाला काय?"

"अवो, वारले ते."

वामनराव तिसऱ्या दिवशी गाडी करून आले. एका गुडघ्याने लंगडत. घरात टेकले नाहीत, फोटोपुढे हात जोडले नाहीत. म्हणाले, "वहिनी, वावर दाखवा."

वावरात ते उभे राहिले आणि मोकळ्या जागेला शिव्या घालू लागले. हरामखोर म्हणाले. दगाबाज म्हणाले. माणिकबाईंनी अडवलं नाही. शिव्या संपल्यावर वामनरावांनी खाली पडलेली सब्बल उचलली.

"उरलेलं मी खोदतो."

"ठेवा थे खाली."

"अर्धं राहिलं, वहिनी."

"राहू द्या. तुमच्या हातचं नको मले."

वामनरावांनी सब्बल ठेवली. आली तशी गाडी परत गेली. वावरात तीन खांब उभे आहेत, चौथा आडवा पडला आहे. त्याचा खड्डा कमरेएवढा करायचा होता. तो गुडघ्याएवढाच झाला आहे.